लाळग्रंथीतला उजेड

अर्जेंटिनातल्या आमच्या गोदोय क्रूसमध्ये एवारिस्तो लुसेरोला सगळे फ्लाको म्हणतात. फ्लाको म्हणजे काटकुळा. कधीकाळी होता म्हणे. आता पट्ट्याला भोकं पुरत नाहीत, पण नाव चिकटलंय ते चिकटलंय. तो संशोधन संस्थेत फळमाशीच्या गर्भांवर काम करायचा आणि मी तिथंच त्या माश्यांचं खाणं शिजवायचो: मक्याचं पीठ, यीस्ट, मळी. शिवाय आम्ही शेजारी. त्यामुळे त्याच्या प्रयोगशाळेतलं आणि घरातलं, दोन्ही माझ्या कानावर यायचं.

फ्लाकोचा एक प्रश्न संस्थेत गाजलेला होता: “कंट्रोल केलंस का?” चर्चासत्रात कुणी चित्र दाखवायला उभं राहिलं की पहिल्या रांगेतून याचा हात वर. त्याचं असं असतं, की प्रथिन शोधायला नेमकी त्यालाच चिकटणारी अँटिबॉडी घालतात आणि तिच्यावर बसायला चमकणारा रंग. रंग भलतीकडेच चिकटत नाही ना, हे बघायला एका काचेवर अँटिबॉडीशिवाय नुसता रंग घालायचा, तेच कंट्रोल. तिथं अंधार दिसला तर चित्र खरं. यामिला नावाच्या नव्या मुलीला त्यानं हा प्रश्न अशा काही हसून विचारला, की ती पाणी प्यायला म्हणून गेली ती दुसऱ्या दिवशीच उगवली. फ्लाको मात्र तो किस्सा रंगवून सांगत फिरला.

मग कधीतरी त्याला स्वतःलाच उजेड दिसला. पेशींच्या बाहेर त्यांना धरून ठेवणारं जाळं असतं. त्यातलं एक प्रथिन गर्भात कुठं कुठं उमटतं ते तो शोधत होता. डोक्याकडून निघून अंगभर भटकणाऱ्या रक्तपेशींत ते असतं, हे सगळ्यांना माहीत होतं. फ्लाकोच्या चित्रात लाळग्रंथीही दिव्यासारख्या पेटलेल्या. नवी जागा! बेकरीवाल्यापासून पाद्र्यापर्यंत एकालाही त्यानं सोडलं नाही. त्याच्या प्रमुख डॉक्टरबाई, दोक्तोरा एचेवेरी, सोमवारी ब्वेनोस आयरेसच्या परिषदेत ते चित्र दाखवणार होत्या. म्हणून रविवारी फ्लाकोच्या अंगणात आसादो ठरला; दोक्तोरांसकट सगळी प्रयोगशाळा येणार, यामिलाही. निखाऱ्यावर मांस भाजणार खुद्द फ्लाको.

शुक्रवारी त्यानं कंट्रोलची काच केली. तोवर केलीच नव्हती. त्याला कशाला लागते? नुसत्या रंगावरही लाळग्रंथी तशाच झगझगत होत्या.

हे मला त्याच्या बायकोनं, निल्दानं, रविवारी सकाळी कुंपणावरून सांगितलं. “म्हटलं, बाईंना फोन कर. तर म्हणतो, मांस झालं की सांगतो.”

मांस झालं. फ्लाको शेगडीकडे पाठ करून उभाच. भाजणाऱ्यासाठी टाळ्या वाजवायचा आमचा रिवाज. दोक्तोरांनी सुरुवात केली आणि वर म्हणाल्या, लाळग्रंथींसाठीही होऊन जाऊ द्या.

“टाळ्या नका वाजवू,” फ्लाको म्हणाला.

“का रे, कच्चं राहिलंय?” मी विचारलं. सगळे हसले.

“चित्र खोटं आहे,” तो हातातल्या चिमट्याला सांगत होता. “कंट्रोल केलं नव्हतं. शुक्रवारी केलं. ग्रंथी तशाच पेटतात.”

दोक्तोरांनी काटा खाली ठेवला. “शुक्रवारी कळलं, आणि मला आज सांगतोस? बॅग भरून ठेवलीय मी.”

त्यानं यामिलाकडे पाहिलं. “तुला मी सगळ्यांसमोर…”

“माझं कंट्रोल होतं,” यामिला म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता, तेच वाईट. “पुढच्याच चित्रात होतं. तुम्ही असे हसलात, की पुढं सरकवायला हात उचलला नाही.”

त्या दिवशी मांस बरंच उरलं. निल्दानं आमच्याकडेही एक परात पाठवली; चव छानच होती, खोटं कशाला बोलू. दोक्तोरा त्या चित्राशिवाय गेल्या.

फ्लाको आता चर्चासत्रात मागच्या रांगेत बसतो. रविवारी मांस अजून तोच भाजतो. फक्त टाळ्यांची वेळ आली की मीठ आणायला आत जातो. मीठ शेगडीशेजारीच असतं.