चाचांचा खिळा

शेगडीवाले चाचा घरात शिरले की रामराम नाही, सलाम नाही. थेट स्वयंपाकघरात जाऊन विचारायचे, "झाकण कुठं हाय?" नव्या माणसाला वाटायचं, हे कढईत काय शिजतंय ते बघायला आलेत.

खोपोलीत शिळफाट्यावर त्यांचं गॅस शेगड्या दुरुस्तीचं दुकान होतं. टेंपो आडवा लावला तर दिसेनासं होईल एवढं. नळीच्या जोडाला साबणाचं पाणी लावायचे आणि बुडबुडा येतोय का ते चष्मा कपाळावर चढवून बघत बसायचे. आमची जुनी नळी बघून मी म्हणालो, "चालेल की अजून वर्षभर."

"तू चालशील का ते बघ रं," म्हणत त्यांनी ती कापूनच टाकली.

काम झालं की शेगडीच्या बाजूला भिंतीत एक खिळा ठोकायचा आणि त्यावर कढईचं झाकण अडकवायचं, ही त्यांची फुकटातली सेवा. "वर नाय, बाजूला. आग ओलांडून हात घालायचा नाय. आन तेल पेटलं तर पाण्याला शिवायचं नाय." आमच्या बायकोचा जीव नव्या टाइलमध्ये अडकलेला. "चाचा, फुटेल हो ती."

"टाइल बाजारात मिळते, पोरी."

चाचा गेल्यावर मी त्या खिळ्याचा सदुपयोग केला. झाकण काढून कॅलेंडर लावलं. शोभा आली, असं माझं मत.

पुढच्याच महिन्यात बायको माहेरी पोशीरला गेली आणि मी तांदळाचे पापड तळायला घेतले. तेल तापत ठेवलं आणि बाहेर शेजाऱ्याला पापड कसे तळावेत ते समजावत बसलो. परत आलो तर कढईतून हातभर जाळ. खिळ्याकडे हात गेला आणि हातात आलं कॅलेंडर. झाकण सिंकमध्ये, खरकट्याखाली, पाण्यात. दुसऱ्या हाताने तांब्या उचललाच होता. तेवढ्यात चाचांचं "शिवायचं नाय" आठवलं. तांब्या ठेवला, बटण बंद केलं आणि कोरडी परात समोरून सरकवत कढईवर पालथी घातली. मग पाऊण तास परातीकडे बघत बसलो. उचलायची हिंमत कुणाची?

दुसऱ्या दिवशी चाचा शेगडी बघायला आले. काळवंडलेली भिंत पाहिली, कॅलेंडर पाहिलं. मी शिव्या खायची तयारी ठेवली होती. त्यांनी कॅलेंडर माझ्या हातात दिलं. "कालच्या तारखेला गोल कर. या दिवशी तुझं घर वाचलं." मग झाकण स्वतः पुसून खिळ्याला अडकवलं.

चाचा जाऊन आता दोन वर्षं झाली. दुकानात मोबाइलची कव्हरं मिळतात.

परवा लेकीने नेरळला नवं घर घेतलं. मी पेढे घेऊन गेलो आणि पिशवीत हातोडीही होती. थेट स्वयंपाकघरात शिरलो. "झाकण कुठं हाय?"

"बाबा, आधी चपला तरी काढा. आणि तिथे नको, टाइल फुटेल."

मी खिळा भिंतीला टेकवला.

"टाइल बाजारात मिळते, पोरी."