फक्कीच्या भिंती

घर बांधण्याआधी ते जमिनीवर आखून दाखवावं लागतं. मोकळ्या रानात दोऱ्या ताणायच्या, त्यांच्याखाली चुन्याची पांढरी फक्की मारायची, की कुठली भिंत कुठे येणार ते दिसतं. आमच्या धंद्यातला हा सगळ्यात धोक्याचा दिवस. कागदावर ऐसपैस वाटलेलं घर उघड्या आभाळाखाली हातरुमालाएवढं दिसतं.

सांगलीतलं माझं ऑफिस म्हणजे बरीच वर्षं दोन खोल्या आणि मी. जिने, बाल्कन्या, दुकानांचे गाळे करता करता एकदाचा मोठा बंगला मिळाला. तोही पार कोरेगावजवळ, एका निवृत्त सुभेदारांचा. त्या एका कामाच्या भरवशावर मी पुण्यातली नोकरी सोडून आलेल्या एका तरुण आर्किटेक्टला कामावर घेतलं. माझी पहिली सहकारी. हा बंगला हातचा गेला तर तिला परत पाठवावं लागणार, हे मला ठाऊक होतं. तिलाही असावं, कारण आखणीच्या दिवशी जाताना गाडीत ती सारखी मापंच तपासत होती. मी मात्र नवरदेवासारखा हसत होतो.

फक्की मारून झाली. सुभेदार, वहिनी आणि सुभेदारांचे एक धाकटे चुलतभाऊ येऊन उभे राहिले.

"सायेब," सुभेदार म्हणाले, "बाकीचं घर कुठं हाय?"

"सगळं घर हेच."

"ह्ये? आवं, बंकरात याच्यापेक्षा मोकळं हुतं."

चुलतभावांनी चार ढांगांत बेडरूम संपवली. "दादा, माझ्या दोन म्हशी लोळत्यात ती जागा मोठी हाय. माझा कंत्राटदार नकाशा फुकट काढून देतोय, कवाधरनं सांगतोय मी."

माझी सहकारी मापं सांगू लागली. सुभेदारांनी ऐकत ऐकत नकाशाची गुंडाळी करायला घेतली. गुंडाळी पुरी झाली की आमचा खेळ खलास.

तेव्हा माझ्या अंगात आलं. बांधावर एक बाज पडली होती. ती ओढत आणून मी बेडरूममध्ये टाकली.

"सुभेदारसाहेब, आडवे व्हा."

हुकूम पाळायची सवय. ते गुंडाळी छातीशी धरून आडवे झाले.

"आता उठून कपाटाकडे जा. हे इथं कपाट. बाजेला अडखळलात?"

"न्हाई."

चुलतभाऊ बघायला तरातरा आत आले.

"अहो, भिंतीतनं कुठे येताय? दारातनं या."

आणि ते खरोखर मागे फिरून दारातनं आले.

तोवर वहिनी आपण होऊन स्वयंपाकघरात गेल्या होत्या. नसलेल्या ओट्यापुढे उभ्या राहून त्यांनी नसलेल्या शेगडीकडे हात नेला, मग मान वळवली. "हितनं फाटकातलं मानूस दिसत न्हाई. कोण आलं, कोण गेलं, मला कळायचं कसं?"

सहकारी पुढे झाली. तिने चपलेच्या टोकाने हातभर भिंत पुसली. "इथं खिडकी. आता?"

वहिनींनी वाकून पाहिलं. "आता दिसतंय."

मग त्यांनी थर्मासमधला चहा काढला आणि हॉलमध्ये सगळ्यांना बसवलं. पाच माणसं बसूनही मधे जागा उरली. चुलतभाऊ कप ठेवायला म्हणून स्वयंपाकघरात शिरले, तशा वहिनी तडकल्या.

"भावजी, पायताण घालून सैपाकघरात?"

चुलतभावांनी चारी बाजूंना पाहिलं. नजर पोचेल तिथवर नांगरलेलं रान. तरीही ते मुकाट्याने दारातनं बाहेर गेले आणि फक्कीच्या रेषेपलीकडे चप्पल काढून आले. सुभेदारांनी हे पाहिलं. त्यांनीही आपल्या चपला काढून त्यांच्या शेजारी नीट ठेवल्या, आणि गुंडाळी माझ्याकडे न देता सहकारीच्या हातात दिली.

"पोरी, धर. लागा कामाला. खिडकी तेवढी इसरू नका."

"आनि सायेब, तुमीबी," वहिनी माझ्या बुटांकडे बघून म्हणाल्या.

माझे बूट नाडीचे. बाहेर जाऊन ते काढेपर्यंत सहकारी अनवाणी आत पोचून वहिनींबरोबर खिडकीची रुंदी ठरवायला लागली होती. ढेकळं अशी तापली होती की मी एका पायावर नाचत जवळच्या वाटेने आत घुसलो.

"आवं सायेब," चुलतभाऊ पाय पसरून चहा पीत म्हणाले, "भिंतीतनं कुठं येताय?"