‘स्लोली’चा अर्थ

तृप्ती देवरे सिडकोतल्या एका इंग्रजी शाळेत तिसरीला शिकवायची. तिच्या वर्गात यशश्री नावाची एक बडबडी मुलगी होती. बाप वाल्मीक अंबडच्या कारखान्यात लेथवर. घरात इंग्रजीचा गंध नाही, तरी पोरगी बोलायला कधी कचरली नाही. शेजाऱ्यांच्या शेळीने बाबांचा टॉवेल कसा खाल्ला, हे तिने मोडक्यातोडक्या इंग्रजीत असं रंगवून सांगितलं की सगळा वर्ग पोट धरून हसला.

त्या वर्षी शाळेने तोंडी परीक्षेत व्याकरण आणलं. नाउन, अ‍ॅडव्हर्ब, प्रीपोझिशन... शब्द ऐकायचा आणि त्याची जात सांगायची. यशश्रीची पाळी आली तेव्हा तृप्तीने विचारलं, “स्लोली?”

पोरगी बाकांमधून कासवासारखी एकेक पाऊल टाकत फळ्यापर्यंत गेली आणि वळून हसली.

अर्थ बरोबर होता, पण उत्तर हवं होतं ‘अ‍ॅडव्हर्ब’. तृप्तीने शून्य दिलं.

त्यानंतर यशश्री इंग्रजीत बोलेनाशी झाली. काही विचारलं की खाली बघायची. एकदा हळूच म्हणाली, “मिस, चुकेल.” तृप्तीने मुख्याध्यापिकांना गाठून सांगितलं, मुलं आत्ता कुठे बोलायला लागलीत, ही नावं पाचवीत शिकवू. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. पालकांना तेच हवं असतं, एवढंच त्या म्हणाल्या.

पालकसभेला वाल्मीक कारखान्याच्या कपड्यांवरच आला. पोरीला शिकवणी लावू का, असं त्याने विचारलं. नको, तिला इंग्रजी चांगलं येतं, नुसतं बोलू द्या, असं तृप्तीने सांगितलं.

तो जरा घुटमळला. “मॅडम, आम्हाला त्यातलं कळत नाय. पण येतं म्हणता तुम्हीच, आन् शून्य देता बी तुम्हीच. आम्ही कशावर विश्वास ठेवायचा?”



त्याने शिकवणी लावली. वार्षिक परीक्षेत यशश्रीने हात मागे बांधून शब्दांच्या सगळ्या जाती धडाधड सांगितल्या. निकालाला वाल्मीक पेढे घेऊन आला आणि त्याने पोरीला तृप्तीच्या पाया पडायला लावलं. सुट्टीत कुठे जाणार, असं तृप्तीने तिला इंग्रजीत विचारलं. यशश्रीने आधी बापाकडे पाहिलं आणि मराठीत म्हणाली, “चांदवडला, आजीकडे.”

जूनमध्ये ती तोंडी परीक्षा दुसरीलाही लागू झाली. प्रश्न काढायचं काम तृप्तीकडे आलं. तिने ते काढून दिले.