मांडवाखालची रिटायरमेंट

आमच्या गोडाऊनच्या मागच्या कोपऱ्यात मोडक्या खुर्च्या, जळालेल्या माळा आणि उरलेली सुतळी साठत जाते. मुद्दाम कोणी साठवत नाही आणि टाकूनही कोणी देत नाही. किस्स्यांचं तसंच आहे राव. जन्म गेला माझा जुन्नर-आंबेगावच्या गावांतून मांडव घालण्यात. लग्न असो, सप्ताह असो नाहीतर दशक्रिया, जिथे माणसं जेवायला बसणार तिथे माझे बांबू आदल्या दिवशी पोचलेले असतात. एवढी माणसं बघितल्यावर काही ना काही डोक्यात राहणारच.

आमची चौकडी आहे. मी नाना मांडववाला, दगडूभाऊ आचारी, ट्रंपेट वाजवणारा रघू मास्तर, आणि लग्नात माईकवर बोलणारा आप्पा. आळेफाट्याला स्टँडजवळ चहाचं एक हॉटेल आहे, तिथे आम्ही बसतो. हल्ली विषय एकच असतो. थांबायचं कधी?

सरकारी माणसाचं बरं असतं. त्याला तारीख सांगतात, शाल घालतात, गाडीत बसवून घरी सोडतात. आम्हाला कोण सांगणार? तसे आम्ही दरवर्षीच रिटायर होतो म्हणा. आषाढ लागला, मुहूर्त संपले की चौघंही गुडघे चोळत म्हणतो, "बास झालं आता." मग तुळशीचं लग्न लागतं आणि चौघांचेही फोन वाजायला लागतात.

*

पहिला नंबर लागला मास्तरचा. कारण ट्रंपेटला दात लागतात.

ओतूरकडची वरात होती. बिबट्याच्या धास्तीने आमच्याकडे हल्ली वराती उजेडीच उरकतात, त्यामुळे जे झालं ते अख्ख्या गावाने नीट बघितलं. मास्तरने वरचा सूर लावला, लांबवला, आणि श्वास घ्यायला ट्रंपेट खाली घेतलं तर त्याच्यासोबत कवळीही खाली आली. नवरदेवाच्या घोड्याच्या अगदी पुढ्यात. घोडेवाल्याने घोडा थांबवला. बँड थांबला. मास्तरने शांतपणे कवळी उचलली, युनिफॉर्मला पुसली, खिशात टाकली आणि पोरांना हाताने खूण केली की वाजवा.

दुसऱ्या दिवशी हॉटेलात येऊन म्हणाला, "सोडलं ट्रंपेट." चहा तसाच निवला.

पुढच्या आठवड्यात नारायणगावच्या एका लग्नात बघतो तर हा बँडच्या पुढे, तोच लाल कोट, तीच टोपी आणि हातात खुळखुळा! मी म्हटलं, "मास्तर, हे काय?"

"रिटायर झालोय ना. चार दिवस बसलो घरी. बायको म्हणली, ह्ये पाय आपटायचं बंद करा, न्हाईतर कुठंतरी जा."

हसलो तेव्हा. पण खरं सांगतो, त्याचा पुतण्या आता जे ट्रंपेट वाजवतो ते माझ्याने ऐकवत नाही. मास्तरने सूर धरला की आम्ही मांडवावर चढलेली माणसं हातातली सुतळी तशीच धरून थांबायचो. ते दिवस गेले, एवढंच.

*

आप्पाची गोष्ट उलटी. त्याचा आवाज शाबूत आहे, नावं लक्षात राहत नाहीत. आमच्याकडच्या लग्नात मान्यवरांचं स्वागत केल्याशिवाय अंतरपाट हलत नाही, आणि एक नाव राहिलं तर पुढची पाच वर्षं त्या घराशी बोलणं बंद. आप्पाने एकदा एका नवरदेवाऐवजी त्याच्या चुलत्याला शुभाशीर्वाद दिले. चुलत्याला नातवंडं होती. चुलती जेवणं उरकेपर्यंत आप्पाकडे बघत राहिली.

मग आप्पाने जाहीर केलं की लग्नं बंद, आता फक्त दशक्रिया. तिथे नावं कमी असतात. पहिल्याच दशक्रियेला, नदीच्या घाटावर, सगळी श्रद्धांजली व्यवस्थित पार पडली. लोकांचे डोळे भरून आले. आणि शेवटी सवयीने आप्पा बोलून गेला, "सर्व वऱ्हाडी मंडळींना नम्र विनंती आहे, जेवल्याशिवाय कुणीही जाऊ नये."

आप्पा पांढराफटक पडला. तेवढ्यात गेलेल्या माणसाचा धाकटा भाऊ उठला, आप्पाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "असू द्या आप्पा. दादाला लग्नाची लई हौस व्हती."

आप्पा परत लग्नांवर आला. नावं आता त्याची नात मोबाईलवर टाइप करून देते.

*

माझं सांगायचं तर माझ्या मुलाने, सचिनने, मला शिडी चढायला बंदी घातलीय. "पप्पा, तुम्ही फक्त खुर्चीवर बसा आणि बघा." आता त्याचे लोखंडी स्ट्रक्चर असतात, कापडं गुजरातवरून येतात, बघण्यासारखं माझ्यासाठी काही राहिलेलं नाही. तरी बसलो.

मंचरच्या एका लग्नात पहिल्या रांगेत बसलो, तर वधूपक्षाचा एक माणूस आला आणि मला टोपी-टॉवेल, नारळ देऊन पाया पडला. मी सांगायला गेलो तोवर तो पुढच्या माणसाकडे. मी उठून मागे बसलो. तिथे वरपक्षाने सत्कार केला. मग कडेला जनरेटरजवळ जाऊन बसलो, तर तिथेही एक तरुण पुढारी येऊन नारळ देऊन गेला, फोटो काढून घेतला.

उभ्या आयुष्यात मांडव घातले, त्या मांडवांत मला कधी कोणी नारळ दिला नव्हता. नुसता बसलो तर तीन मिळाले. घरी आणले तेव्हा बायको म्हणाली, "रोज बसत जा."

*

आता दगडूभाऊ. त्याच्याबद्दल हसत सांगणं मला जड जातं, पण सांगतो.

येडगावचा हा माणूस. त्याची मासवडी आणि आमटी ज्याने खाल्ली नाही असं या दोन तालुक्यांत एकही जुनं घर नसेल. लग्न ठरलं की लोक आधी दगडूभाऊची तारीख घ्यायचे, मग भटजीची. उन्हातान्हात चुलाणापुढे उभा राहून हजार माणसाचा स्वयंपाक उतरवणार, आणि एवढं करून तोंडात एक शिवी नाही. आचाऱ्यांत हे दुर्मीळ आहे.

दोन वर्षांमागे तो मोठ्या तापाने आजारी पडला. उठला, कामाला लागला, सगळं पहिल्यासारखं. मग एक दिवस त्याची बायको, पारूवहिनी, मला बाजारात भेटली. पिशवी खाली ठेवून म्हणाली, "भावजी, यांच्या तोंडाला चव न्हाई राहिली. वास बी येत न्हाई. मी मुद्दाम तीन दिस कालवणात मीठ टाकलं न्हाई. गुमान जेवले. एकदा तर चांगलं झालंय म्हणले."

"मग कामाला कसा जातो?"

"हाताच्या अंदाजानं. त्यांना वाटतं, कुणाला ठावं न्हाई. तुमी सांगा त्यांना. मी सांगितलं तर ते खचतील."

मी हो म्हणालो. घरी येईपर्यंत कळलं की मी भलतंच काम अंगावर घेतलंय. कढईत घास बिघडला तर ते एका दिवसाचं नसतं. आमच्या भागात माणसाचं नाव जायला एक पंगत पुरते. आणि या माणसाकडे नाव सोडून दुसरं होतं काय?

*

आम्ही तिघं गेलो सांगायला. येडगावला, धरणाच्या पाण्याच्या कडेला त्याचं घर आहे. गाडीत सगळं ठरवून गेलो होतो. आप्पाने सुरुवात करायची, कारण बोलणं त्याचा धंदा. मग मी वहिनींचं नाव न घेता विषय पुढे न्यायचा. मास्तरने स्वतःचं उदाहरण द्यायचं.

दगडूभाऊने ओसरीवर सतरंजी टाकली. चहा आला. आप्पाने घसा साफ केला. आम्ही बघतोय. आप्पाने परत घसा साफ केला, आणि म्हणाला, "धरणात पाणी बरंय यंदा."

"बरंय," दगडूभाऊ म्हणाला.

मग मास्तर म्हणाला, "लई बरंय."

मी काय बोललो असेन? मी म्हटलं, "गेल्या वर्षीपेक्षा बरंय." असं तासभर आम्ही पाण्याबद्दल बोललो आणि उठलो. निघताना त्याने तिघांना घरच्या वांग्यांची एकेक पिशवी दिली. परतीच्या वाटेवर आळेफाट्यापर्यंत आम्ही तिघं भांडत होतो, तू का नाही बोललास म्हणून.

*

मध्ये त्याच्या भाच्याने, तुषारने, एक मार्ग काढला. पोरगा गुणी आहे. मामाच्या हाताखाली शिकला आणि आता स्वतःचं केटरिंग करतो. बुफे, काउंटर, पोरांना काळे टी-शर्ट. तो म्हणाला, "मामा, तुमी नुसतं उभं राहा. लोकांनी तुमाला बघितलं तरी बास."

भीमाशंकरच्या रस्त्याला एका नव्या लॉनवर दगडूभाऊ पांढरी उंच टोपी घालून काउंटरमागे उभा राहिला. एक म्हातारी ताट घेऊन आली, त्याच्याकडे निरखून बघत म्हणाली, "दगडू न्हवं का रं तू? माझ्या लग्नात तुझ्या बानं केलता सैपाक. बस की, दमला असशील."

"तुमी उभ्यानं जेवणार आन मी बसू का काकू?" असं म्हणून त्याने टोपी काढली, आतून एक खुर्ची आणली, म्हातारीला बसवलं आणि तिचं जेवण होईपर्यंत तिला शेजारी उभं राहून वाढलं. मागे रांग लागली होती. तुषारने मामाला परत बुफेला बोलावलं नाही.

*

आणि आता यंदाच्या सप्ताहाचं.

दगडूभाऊच्याच गावचा सप्ताह, शेवटचा दिवस, काल्याचं कीर्तन आणि मग महाप्रसाद. या गावाची आमटी दगडूभाऊच करतो, आणि त्याच्याआधी त्याचा बाप करायचा. माहीत असेल तुम्हाला, देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय प्रसादाचं कालवण कोणी चाखायचं नसतं. त्यामुळे पहिली कढई आचाऱ्याच्या नाकावर चालते. उकळीच्या वासावरून त्याला मिठाचा अंदाज कळतो. आणि याचं तर नाकच गेलेलं. तुषार मदतीला आला होता, पण त्याची काय टाप मामाला विचारायची. मी सकाळपासून त्या चुलाणाभोवती घुटमळत होतो. पण सप्ताहाचा मांडव अजून माझ्याकडेच, माझी शंभर कामं. मीठ पडलं का, कधी पडलं, मी बघितलं नाही.

नैवेद्य झाला. पहिली पंगत बसली. महाराज, गावची म्हातारी माणसं, पाहुणे. भात वाढला, त्यावर आमटी. गजर झाला आणि पहिला घास गेला. मी महाराजांच्या तोंडाकडेच बघत होतो. त्यांचा हात थांबला. शेजारच्या पाटलांचाही थांबला. मी वाढप्याच्या बादलीतून हातावर घेऊन चाटलं. पार अळणी. मीठ पडलंच नव्हतं.

जाऊन कढईत मीठ टाकावं तर दगडूभाऊ कढईशेजारीच बसलेला. मला दुसरं काही सुचलं नाही. मिठाचा पुडा फोडून परातीत ओतला आणि वाकून पंगतीत फिरायला लागलो. "मीठ घ्या, मीठ." लोकांनी माझ्याकडे बघितलं, चुलाणाकडे बघितलं आणि गुपचूप पानं पुढे केली. सगळ्यांनी घेतलं, कालवलं, जेवायला लागले. पाटलांनी तर मुद्दाम मोठ्याने आमटी मागितली. माझा जीव भांड्यात पडतोय तोवर स्पीकर खरखरला.

आप्पा! माईक त्याच्याकडे आहे हे मी विसरलोच होतो.

"भाविकांना कळवण्यात आनंद होत आहे की, बीपीवाल्या मंडळींचा विचार करून कमिटीने यंदा आमटी बिनमिठाची केलेली आहे. ज्याने त्याने आपापल्या चवीप्रमाणे मीठ घ्यावं."

त्याला मदत करायची होती. कमिटीवाल्यांनीही लगेच माना डोलावल्या. पण मी चुलाणाकडे बघितलं. दगडूभाऊने मान वर केली होती. आधी स्पीकरकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या परातीकडे. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघवेना म्हणून मी खाली वाकून मीठ वाढत राहिलो.

परत बघितलं तर तो जागेवर नव्हता. हात-पाय धुऊन, खांद्यावरच्या पंच्याला तोंड पुसत, तो पंगतीच्या टोकाला येऊन मांडी घालून बसला होता. इतक्या वर्षांत मी या माणसाला पंगतीत बसलेला कधी बघितला नव्हता. सगळं गाव जेवून गेल्यावर उभ्या उभ्या काहीतरी खायचा, तेवढंच. वाढप्यांत असलेल्या मास्तरने धावत जाऊन पत्रावळ मांडली, भात वाढला, आमटी वाढली.

मी परात घेऊन त्या टोकाला पोचलो. त्याच्यापुढे थांबावं की पुढे सरकावं कळेना. सरकायला लागलो.

"नाना, मला वाढल्याबिगर कुठं निघाला?"

मी चिमूटभर मीठ त्याच्या पानात वाढलं. त्याने ते सावकाश कालवलं, घास घेतला, चावला, गिळला.

"आता बरोबर झाली," म्हणाला.

तेवढ्यात चुलाणावरून तुषारने हाक मारली, "मामा, दुसऱ्या कढईत मीठ किती टाकू?"

दगडूभाऊने मान वर केली नाही. भात कालवत म्हणाला, "मला काय इचारतो? मी जेवाया बसलोय."