तीन मिनिटं

मंगळवारी दादा गेला. तो माझा थोरला भाऊ; गोल्फच्या मैदानावर नवख्यांना खेळ शिकवायचा. त्याचा फोन आता माझ्याकडे असतो आणि वाजत राहतो, कारण सगळ्यांना कळवणं माझ्याच्याने झालेलं नाही.

काल एका गृहस्थांचा आला. मी काही बोलायच्या आतच ते म्हणाले, "सर, प्रत्येक बॉल उजवीकडेच पळतोय. बायको म्हणते, बॉल माझ्यावरच गेलाय, सांगितलेलं ऐकत नाही!"

"मी त्यांची बहीण बोलतेय."

"मग ताई, एवढं त्यांना विचारून सांगाल? झाडीत गेलेला बॉल शोधायचा तरी किती वेळ? आमच्यात वाद लागलाय."

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण दादाची नियमांची पुस्तिका टेबलावर होती आणि मी तिची पानं उलटू लागले.

"तीन मिनिटं," मी वाचून सांगितलं.

"आणि चौथ्या मिनिटाला सापडला तर?"

"तरी हरवलेलाच धरायचा."

"हा कुठला न्याय, ताई? समोर दिसतोय की!"

नियम करणाऱ्यांनी शोधण्याला हद्द घातली, ते बरंच केलं. नाहीतर माणूस संध्याकाळपर्यंत गवतच चाचपत राहील. मी अजून सकाळी दोन कप चहा टाकते, आणि आता थांब म्हणणारं कुणी नाही.

"सरांना सांगा, उद्या परत फोन करतो," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मी बरं म्हटलं.

दादाच्या पिशवीत चौदा काठ्या आहेत. कुठली कशासाठी, ते मला माहीत नाही.