शेजारच्या सीटसमोरचा ब्रेक

ताईने जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला, चार कोपऱ्यांवर चार चेंडू ठेवले आणि पाचवा हातात खेळवत जाहीर केलं, "मी संमेलनाला जाणार. गाडी घेऊन. चालवणार मी."

टेबलाखालून धप्प आवाज आला. पेल्यांतलं पाणी हिंदकळलं. बाबांनी ब्रेक दाबला होता.

जेवणाच्या टेबलाला ब्रेक नसतो हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे, फक्त बाबांच्या उजव्या पायाला कोणी कळवलेलं नाही. बाबा लोकांना गाडी चालवायला शिकवतात. त्यांच्या गाडीत शेजारच्या सीटसमोरही एक ब्रेक आहे. शिकणारा गांगरला की शिकवणाऱ्याने तो दाबायचा. बाबांचं सगळं आयुष्य त्या सीटवर गेलंय, त्यामुळे त्या पायाला आता दुसरं काही सुचत नाही. न्हाव्याने खुर्ची फिरवली की तो दाबतो. सिनेमात घोडा उधळला की दाबतो. आई दुधाचं गरम पातेलं घेऊन वळली की दाबतो. त्यांचा उजवा बूट नेहमी डाव्याच्या आधी झिजतो. "साहेब, कामाला लंगडी घालत जाता का?" असं मोच्याने एकदा अगदी काळजीने विचारलं होतं.

बोलतातही ते गाडीतल्यासारखेच. शिकणाऱ्याला 'तुम्ही चुकलात' असं म्हणायचं नाही, 'आपण' म्हणायचं, हा त्यांचा धंद्यातला नियम. "आपण आता काय करतोय? आपण कुंपणात चाललोय. कुंपणात आपलं काही काम आहे का? नाही ना? मग जरा बाहेर येऊ या." त्यांचा आवाज चिडल्यावर चढत नाही, खाली खाली उतरत जातो, आणि 'आपण'मधला 'प' ताणलेल्या रबरासारखा लांबतो.

"आपऽऽण," ते नकाशाकडे न बघता म्हणाले, "कुठे निघालोय?"

"आपण नाही, बाबा. मी."

"बरं. आपऽऽण एकट्याच कुठे निघालोय?"

ताई अठरा वर्षांची आहे आणि चेंडू झेलते. क्रिकेटमधले नाहीत. पाच पाच चेंडू एकदम हवेत फिरवायचे आणि एकही खाली पडू द्यायचा नाही, तसलं झेलणं. सुरुवात स्वयंपाकघरातल्या टोमॅटोंपासून झाली. आईने टोमॅटो लपवले तेव्हा कांदे, कांदे लपवले तेव्हा मोजे. मग रिंगा आल्या, लाकडी दांडके आले, आणि शेवटी एका चाकाची सायकल आली. या प्रवासात बैठकीतले दोन दिवे, एक घड्याळ आणि बाबांच्या चष्म्याची एक काच शहीद झाली. पण आज ताई त्या एकचाकीवर बसून पाच चेंडू खेळवते तेव्हा समोरचा माणूस, मग तो वीजबिल द्यायला आलेला का असेना, तोंड उघडं टाकून उभा राहतो.

देशभरातल्या अशा झेलणाऱ्या लोकांचं दरवर्षी एक संमेलन भरतं. यंदा तिला तिथे मंचावर बोलावलं होतं. ते कळल्यापासून तिचे पाय जमिनीवर नव्हतेच. एकचाकीवर तरी होते किंवा पलंगावर तरी. बसने जायचा प्रश्नच नव्हता. मागे एकदा कंडक्टरने एकचाकीकडे बघून "ताई, उरलेली सायकल येईपर्यंत बस थांबवता येणार नाही" असं म्हणून तिला खाली उतरवलं होतं. म्हणून गाडी.

तिचा बेत मात्र पक्का होता. सगळा प्रवास दिवसाउजेडी. मध्ये मावशीकडे मुक्काम. शेजारच्या सीटवर नकाशा धरायला तिची मैत्रीण चष्मिस.

"चष्मिसला समोरची म्हैस दिसत नाही," बाबा म्हणाले.

"म्हैस मी बघीन. तिने नकाशा बघायचाय."

"पाच चेंडू हवेत ठेवता आले म्हणजे चार चाकं जमिनीवर ठेवता येतात असं नाही."

"मला लायसन्स मिळालंय, बाबा!"

"कितव्या वेळेला?"

झालं. आमच्या घरात जो शब्द उच्चारायचा नाही असं ठरलं होतं, तो बाबांनी उच्चारला.

ताई पहिल्यांदा परीक्षेला गेली तेव्हा नापास झाली होती. लोक गाडी मागे घेताना नापास होतात, चढावर होतात. ताई ब्रेकला नापास झाली. परीक्षेची गाडी साधी होती, एकाच ब्रेकची. साहेब शेजारी बसले. ताईने छान गाडी काढली, छान गिअर बदलले, छान वळली. पुढे थांबायची पट्टी आली. ताई वाट बघत राहिली. आता थांबेल, मग थांबेल. गाडी पट्टी ओलांडून पुढे गेली, एका हातगाडीच्या अंगावर जाता जाता ताईच्या डोक्यात प्रकाश पडला आणि तिने दोन्ही पायांनी ब्रेक हाणला. साहेबांची टोपी समोरच्या काचेवर जाऊन बसली. "बाई," ते टोपी शोधत म्हणाले, "कोणाची वाट बघत होतात?"

बाबांची वाट बघत होती, दुसऱ्या कोणाची? बाबांच्या गाडीत ती शिकली आणि त्या गाडीत ताईचा पाय ब्रेकपर्यंत पोचायच्या आत गाडी थांबलेली असायची. थांबायच्या पट्टीपाशी गाड्या आपल्या आपण थांबतात असाच तिचा समज झाला होता. पुढे तिने गॅरेजवाल्या काकांच्या खटारा गाडीवर हात बसवला, म्हणजे पाय बसवला, आणि दुसऱ्या खेपेला पास झाली. पण बाबांच्या डोळ्यांसमोरून ती टोपी काही हलत नव्हती.

"मी ब्रेक दाबला नाही," ताई म्हणाली, आणि तिच्या हातातला चेंडू पहिल्यांदा खाली पडला, "कारण तुम्ही मला तो कधी दाबूच दिला नाहीत!"

आई दातांच्या दवाखान्यात पेशंटना आत सोडायचं काम करते. दिवसभर कण्हणारी माणसं हाताळल्यामुळे घरी तिच्याकडे शिल्लक फार कमी असते. ती हात पुसत आली आणि दवाखान्यातल्या सुरात म्हणाली, "ओरडू नका, गर्दी करू नका. अहो, काय ते एकदा ठरवा. तुम्ही तिला बघा चालवताना. जमत असेल तर जाऊ दे, नसेल तर नाही. पुढचे कोण?"

"पुढचे कोण?" झालं की आमच्या घरात विषय संपतो.

तेव्हा परीक्षा ठरली. रविवारी घाटातून वर देवळापर्यंत जायचं आणि परत यायचं. ताई चालवणार, बाबा शेजारी. अट बाबांची: "माझा पाय एकदा जरी ब्रेकवर गेला, तर संमेलन रद्द."

"अहो, ही परीक्षा हिची की तुमच्या पायाची?" आईने विचारलं. पण बाबा तोवर बूट पुसायला गेले होते. उजवा आधी.

ताई रात्रभर चिडचिडली असती, पण तिने ते सकाळवर ढकललं आणि उठल्या उठल्या गॅरेज गाठलं. मी मागे मागे. गॅरेजवाले काका कायम गाडीखाली असतात. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे त्यांच्या चपलांशी बोलायचं.

"काका, शेजारच्या ब्रेकची तार सोडता येते?"

चपला स्तब्ध झाल्या. "कोणाच्या गाडीची?"

"बाबांच्या."

"ए बाई, मला याच गावात राहायचंय."

"माझा ब्रेक राहू द्या. फक्त त्यांचा सोडा. पायाला कळू नये म्हणून एखादी स्प्रिंग लावा. सोमवारी पुन्हा जोडायचा."

गाडीखालून हसू आलं, खोकल्यासारखं. "तुझ्या बापाने मला शिकवताना माझा एक गिअर कधी माझ्या मनासारखा पडू दिला नाही. आण गाडी."

रविवारी आई म्हणाली, "मीही येणार. निकाल कोण देणार?" आणि मागच्या सीटवर माझ्या शेजारी बसली. एकचाकी आमच्या दोघींच्या मांडीवर, कारण ताईला सामानासकट चालवून दाखवायचं होतं. चाकाचा आरा माझ्या नाकासमोर.

गाडी निघाली. बाबांनी हात मांडीवर ठेवले, पाय सीटखाली घेतला आणि घोट्यावर घोटा अडकवला. ही कोंडी कोपऱ्यावरच्या दवाखान्यापर्यंत टिकली. तिथे एक कुत्रं रस्त्यात आलं. धप्प! ताईनेही तेव्हाच ब्रेक दाबला होता, गाडी अलगद थांबली. कुत्र्याने आमच्याकडे बघून जांभई दिली.

बाबांनी पायाकडे बघितलं. मग ताईकडे. मग समोर. मला वाटलं, संपलं. इथूनच परत. पण ते म्हणाले, "आपण पुढे जाऊ या."

घाटात तर त्या पायाने कहर केला. वळण आलं, धप्प. ट्रक आला, धप्प. ट्रक गेला तरी, उगाच, धप्प. दर वेळी बाबांचे ओठ हलायचे, 'आपऽऽ' पर्यंत यायचे आणि परत आत जायचे. ताईच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, पण हात स्टीअरिंगवर असे होते जसे चेंडू हवेत असताना असतात. सैल आणि तयार. आई खिडकीबाहेर बघत पुटपुटत होती, "दात काढून घेताना लोक इतका त्रास देत नाहीत."

शेवटच्या मोठ्या वळणावर पुढच्या ट्रकमधून लाकडी खोका सुटला. रस्त्यावर आपटला, फुटला आणि त्यातून संत्री सुटली. उतारावरून थेट आमच्याकडे. मी डोळे मिटले, आई किंचाळली, बाबांचा पाय जमिनीला भिडला. ताईने मात्र आरशात मागे बघितलं, टप्प्याटप्प्याने ब्रेक दाबला आणि गाडी कडेला नेऊन उभी केली. मागून येणारी बस आमच्या शेजारून सरळ निघून गेली. एक संत्रं सावकाश गडगडत आलं आणि आमच्या चाकाला टेकून थांबलं.

ताईने गाडी पुन्हा काढली, वर नेली आणि देवळाबाहेरच्या चहाच्या टपरीपाशी उभी केली.

चहा आला. ताईने कपाला हातही लावला नाही.

"माझा पाय ब्रेकवर गेला," बाबा म्हणाले.

"एकदा?" आई म्हणाली. "शिवणयंत्र चालवत होतात तुम्ही!"

"गेला तो गेला. अट म्हणजे अट."

ताई याचीच वाट बघत होती. "पाय गेला, बाबा, पण ब्रेक कुठे होता तिथे? तार कालच सोडलीये. तुम्ही सबंध रस्ता नुसती स्प्रिंग दाबलीत. कुत्रं, ट्रक, संत्री, सगळ्याला ब्रेक मी लावला. एकटीने." आणि मग, इतका वेळ सांभाळलेला आवाज तिथे फुटला. "आता सांगा मला येत नाही म्हणून!"

बाबांनी चहाचा घोट घेतला. फुंकर मारून, सावकाश.

"कुत्र्यापाशीच कळलं मला," ते म्हणाले.

ताईचं तोंड उघडंच राहिलं.

"ही काय स्प्रिंग आहे? खाटेसारखी करकरते. त्या गाढवाला सांग, पुढच्या वेळी तेल घाल म्हणावं."

"मग... मग तिथेच का नाही थांबवलंत?"

"कशाने थांबवू?" बाबा म्हणाले. "ब्रेक तुझ्याकडे होता."

मग कपाकडे बघत, अगदी खालच्या आवाजात: "आरसा बघितलास तू. संत्री आली तेव्हा. माणसं संत्र्यांकडे बघतात. मागची बस कोणी बघत नाही."

ताईने नाक ओढलं आणि चहाचा कप उचलला. तेवढ्यात आई उभी राहिली.

"थांबा. म्हणजे गाडीत अर्धे ब्रेक सोडलेले आहेत हे हिला माहीत. तुम्हाला कुत्र्यापासून माहीत. या धाकट्या पोपटालाही माहीत असणार, तोंडावरूनच दिसतंय. आणि मी एकटी मागे मूर्खासारखी मांडीवर सायकल घेऊन जीव मुठीत धरून बसले होते?"

बाबांचा पाय टपरीच्या बाकाखाली हळूच दाबला गेला.

"जा," आई ताईला म्हणाली. "जा तू संमेलनाला. लांबचं असेल तर बरंच. पुढचे कोण?"

पण बाबांकडून होकार मिळाला म्हणजे काम झालं असं नसतं. जायच्या दिवशी पहाटे ते गाडीच्या टपावर चढवलेली पाटी काढायला तयार होईनात. 'शिकाऊ चालक. अंतर ठेवा.' लाल अक्षरात, मागून पुढून दोन्हीकडे.

"बाबा, मी शिकाऊ नाहीये! संमेलनाच्या दारात ही पाटी घेऊन उतरू?"

"लोकांनी अंतर ठेवलं तर आपलं काय बिघडलं?"

"माझं बिघडेल!"

"आपऽऽण," बाबा म्हणाले, आणि ताईने हात जोडले. पाटी राहिली.

चष्मिस नकाशा उलटा धरून शेजारी बसली. तिच्या पायाशी तो दुसरा ब्रेक होता. सोमवारी काकांनी तार परत जोडली होती. बाबांनी वाकून चष्मिसला तीनदा बजावलं, "पाय तिकडे न्यायचा नाही. काही झालं तरी. गाडी ती चालवतेय." चष्मिसने पाय सीटवर घेऊन मांडीच घातली.

गाडी निघाली. आम्ही तिघं फाटकात. कोपऱ्यावर तेच कुत्रं होतं, त्याच जागी. गाडीचे मागचे लाल दिवे लागले, आणि त्याच क्षणी माझ्या पायावर बाबांचा बूट आदळला.

"आई गं! बाबा!"

"बघ," बाबा कोपऱ्याकडे बघत म्हणाले, "वेळेवर दाबला."

माझी करंगळी अजून निळी आहे. ताई परवा परत येणार आहे, आणि तोवर मी त्यांच्या डाव्या बाजूला उभी राहणार आहे.