आवाज येतोय का?

दुरुस्तीच्या दुकानात टेबलाखाली दोन गोष्टी साठतात, स्क्रू आणि किस्से. स्क्रू हवा तेव्हा सापडत नाही. किस्से नको तेव्हा सापडतात.

मलकापूरला रफिकभाईंच्या कॉम्प्युटरच्या दुकानात मी नव्यानेच लागले. दीड वर्षाची मनू घरी सासूबाईंजवळ. अजून एक शब्द बोललेली नाही. "आई जवळ नसली की पोरं उशिरा बोलतात," असं शेजारीण म्हणाली आणि मला लगेच पटलं. स्वतःबद्दलचं वाईट मला एका दमात पटतं.

*

मेढ्याकडचे सुभेदारकाका गावच्या शाळेसाठी जुने कॉम्प्युटर घेऊन आले. पास होतील ते शाळेत, बाकीचे भंगारात. मी लाइव्ह डिस्क घालायची, नवी सिस्टिम डिस्कवरूनच चालवायची आणि स्क्रीन, नेट, आवाज तिच्याशी जुळतात का ते बघायचं. मशीनच्या आतल्या मालाला धक्का नाही.

"म्हंजे कांदेपोहे," काका म्हणाले. "पटलं तर लगीन."

माझ्या कांदेपोह्यांत आवाज कुणी तपासला नव्हता. नवरा म्हणतो, तिथंच चुकलं.

*

काकांनी डिस्कवरच शाळेतल्या उद्घाटनाचं भाषण टाइप केलं. मशीन बंद केलं, भाषण गायब.

"काका, बंद केलं की ही डिस्क सगळं विसरते."

"आसली एक आमच्या घरात बसंल का बघ. हिला लग्नापासनंचं समदं ध्यानात हाय."

*

कॅमेरा, माइक, स्पीकर एका दमात तपासायला मी घरी व्हिडिओ कॉल लावायचे. "आवाज येतोय का?" सासूबाई म्हणायच्या, "येतुय की." मांडीवर मनू, गप्प.

एकदा रफिकभाई हळूच म्हणाले, "ताई, हे मशीन सकाळीच पास झालंय."

"खात्री करतेय."

"मशीनची?"

*

शेवटचं मशीन लावलं तेव्हा काका शेजारी स्टुलावर बसले होते. स्क्रीन काळी. रफिकभाईंनी ते भंगाराकडे सरकवलं, मी परत ओढलं. डिस्क सुरू होताना साध्या ग्राफिक्सचा पर्याय निवडला. चित्र आलं, आवाज नाही.

"सोडा, ताई."

"पहिलीच्या पोरांनी मुक्या मशीनवर कविता ऐकायच्या?" मी म्हणाले. 'मुक्या' म्हटलं आणि मलाच टोचलं.

घरी कॉल लावला. सासूबाईंचे नुसते ओठ हलत होते. सेटिंग उघडलं, तर आवाज स्पीकर सोडून मॉनिटरच्या वायरीकडे चाललेला. स्पीकर निवडला.

"आवाज येतोय का?"

"एतुय."

बारीक, बोबडं. सासूबाईंचं तोंड बंद होतं.

रफिकभाईंनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"परत इचार, पोरी," सुभेदारकाका म्हणाले. "खात्री झाली पायजे."